सुई टाकणारा हात

रायपूरला छत्तीसगडच्या कानाकोपऱ्यांतून रोगी येतात. टाटीबंधचे एम्स, लोकांच्या तोंडी ‘मेकाहारा’ झालेले डॉ. आंबेडकर रुग्णालय, शिवाय खासगी दवाखाने. रोगी बरा होऊन घरी जातो. त्याला टोचलेली सुई मागे राहते. तिचे पुढे काय होते, हे आपण कधी विचारतो काय?

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत आणि सुया छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावयाच्या असतात. ही निवड कचरा होतो तेथेच व्हावी, हे या नियमांचे मर्म. पुढे कोणीतरी निवडील म्हणावे, तर तो कोणीतरी म्हणजे बहुधा उघड्या हाताचा सफाई कामगार! कावीळ-ब झालेल्या रोग्याची सुई लस न घेतलेल्यास टोचली, तर शंभरांत तिसांपर्यंत लोकांना तो रोग जडू शकतो. २००९ साली गुजरातेत मोडासा येथे याच काविळीने अनेकांचे बळी घेतले. वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याचे तेव्हा उघडकीस आले.

निष्काळजी हात आणि जखमी हात यांची भेट कधीच होत नाही. म्हणून टाकणाऱ्याच्या मनाला टोचणी लागत नाही. परिचारिकेला दोष देणे सोपे आहे. पण इन्शुलिनची सुई आज घरोघरी आहे, आणि ती भाजीच्या देठांबरोबर जाते. तिच्यासाठी जाड प्लास्टिकची बाटली ठेवा. भरली की झाकण घट्ट लावून, आत काय आहे ते सांगून, घंटागाडीवर वेगळी द्या.