घरचं बियाणं, घरची कॅसेट

जालन्यात राहणाऱ्याला 'नक्कल' या शब्दाकडे तुच्छतेनं बघता येत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको काढली आणि हे बियाण्यांचं गाव झालं. बियाणं ही स्वतःची नक्कल स्वतःच करणारी वस्तू. पिशवी विकत घेतली, पेरली, पिकलं. मग त्यातलं पुढच्या पेरणीला ठेवलं तर ती चोरी?

२००१चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा म्हणतो, नाही. शेतकऱ्यानं संरक्षित वाणाचं बियाणं राखावं, पुन्हा पेरावं, शेजाऱ्याला द्यावं, विकावंसुद्धा. फक्त त्या वाणाचं नाव लावून पाकीटबंद विकू नये. (संकरित कपाशीला कायद्याची गरजच पडत नाही. घरचं बी दुसऱ्या वर्षी तसं उगवत नाही, म्हणून दर हंगामाला दुकान गाठावं लागतं.)

आता माझ्या घरातल्या भजनांच्या कॅसेट घ्या. फिती चिकटायला लागल्या तशा मी त्या संगणकावर उतरवल्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं ५२वं कलम खाजगी वापरासाठी रास्त व्यवहाराला मुभा देतं. पण अख्खी कॅसेट उतरवणं रास्त की नाही, याचं माप त्यात नाही. संगणक प्रणालीची जादा प्रत जपून ठेवायला कायदा स्पष्ट परवानगी देतो. गाण्याबद्दल इतकं सरळ वाक्य नाही. स्वतःपुरतं उतरवणं मला रास्तच वाटतं. पैसे मोजले ते ऐकण्याचे, प्लास्टिकचे नव्हेत.

शेजाऱ्याला प्रत देणं मात्र वेगळं. तिथं शेतकऱ्याला जे आहे ते मला नाही. कारण उघड आहे: कायदा शेतकऱ्याला नुसतं गिऱ्हाईक मानत नाही, पिढ्यान्‌पिढ्या निवड करून वाण घडवणाराही मानतो. मग भजनाचं काय? तुकोबांचे अभंग टिकले ते संताजी जगनाड्यांसारख्यांनी वह्या उतरवल्या म्हणून, आणि पुढे फडाफडांतून लोकांनी त्यांच्या नकला केल्या म्हणून. शब्दांवर आज कुणाचाच हक्क नाही. ध्वनिमुद्रणावर मात्र साठ वर्षं आहे. ज्यांनी जपलं त्यांचा वाटा शून्य धरला जातो, हे मला पटत नाही. पण पखवाजवाल्याची, गायकाची मेहनत त्या साठ वर्षांतच मोजली जाते, हेही डोळ्याआड करता येत नाही.

म्हणून माझ्यापुरता नियम असा: मूळ कॅसेट विकली किंवा देऊन टाकली तर संगणकावरची प्रत पुसायची. सप्ताहासाठी कुणी मागितलंच, तर टेपसकट कॅसेट उसनी द्यायची. कीर्तनकार वैतागतात, पेनड्राइव्ह द्या म्हणतात.