उणे 24

अकोल्यातल्या माझ्या एका मित्राच्या मोबाइलवर रोज संध्याकाळी एक आकडा येतो. उणे 38, उणे 37, असा. त्याचे वडील अमरावतीला एकटे राहतात. दिवेलागणीला ते बैठकीतला रिसीव्हर लावून नाट्यपदं ऐकतात. किती मोठ्यानं, ते हा आकडा सांगतो.

करामत अवघड नाही. रिसीव्हर घरच्या वायफायवर असतो. डेनॉन कंपनीच्या या यंत्राला ‘एमव्ही’ ही दोन अक्षरं आणि पुढे प्रश्नचिन्ह पाठवलं की ते आवाजाची पातळी कळवतं. कुणी बटण फिरवलं तर न विचारताही सांगतं. मित्रानं कपाटामागे पत्त्यांच्या डबीएवढा संगणक ठेवलाय, तो हे टिपून अकोल्याला धाडतो. आकडा उणे, कारण यंत्रानं ठरवलेल्या शून्यापासून खाली मोजायचं. दहा डेसिबल चढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

वडिलांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. ‘‘काळजी वाटते म्हणून,’’ मित्र म्हणाला. मी गप्प बसलो. परगावी नोकरी करणारी मुलगी रात्री कधीपर्यंत ऑनलाइन होती, हे मीही पाहतोच.

फेब्रुवारीत उणे 38 असलेला आकडा मे महिन्यात उणे 24 वर गेला. मित्रानं निदान करून टाकलं : बाबांचे कान गेले. एका संध्याकाळी अकोल्यात बसूनच त्यानं आवाज उणे 40 वर आणला. पाच मिनिटांत फोन.

‘‘काऊन रे, गाणं आपोआपच बारीक झालं. तू तं काही केलं नाही नं?’’

‘‘बाबा, किती मोठ्यानं लावता! कान दाखवून घ्या एकदा.’’

‘‘कानाले काय झालं? कूलर सुरू आहे नं बापा!’’

वऱ्हाडातला मे. खिडकीत लोखंडी कूलर, ओल्या ताट्या, पंख्याची घरघर. त्यात शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. माझा मित्र त्याच घरघरीत लहानाचा मोठा झाला. आता त्याच्या घरी एसी आहे, विसरला.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. खासगी यंत्रणेचा आवाज जागेच्या हद्दीवर त्याहून 5 पेक्षा जास्त चढू नये, असंही त्यात आहे. म्हणजे कायदासुद्धा कुंपणाशी उभा राहून मोजतो. मुलगा थेट बैठकीत शिरला होता, तेही चपला न काढता.

मित्रानं सगळं कबूल केलं. वडील रागावले, पण फार नाही. ‘‘मले इचारलं असतं तं सांगतलं असतं. राहू दे ते डबडं. आवाजाले मात्र हात लावू नको.’’

जुलैत पाऊस लागला, कूलर बंद झाले. आकडा उतरला, पण उणे 33 वर येऊन थांबला. आठवडा झाला, पंधरवडा झाला, तिथंच. फेब्रुवारीतलं उणे 38 काही परत आलं नाही.

मित्रानं मला मोबाइल दाखवला आणि विचारलं, फोन करू का? मी म्हटलं, जा. अकोला-अमरावती महामार्गाचा 75 किलोमीटरचा पट्टा 2022 च्या जूनमध्ये 105 तास 33 मिनिटांत डांबरून गिनीज विक्रम झाला होता. रस्ता चांगला आहे.

रविवारी तो गेला. वडिलांनी रिसीव्हर लावला, बटण फिरवलं. यानं खिशातला मोबाइल काढला नाही. खुर्ची मात्र नेहमीपेक्षा जवळ ओढून घेतली.