‘फ्रस्ट्रेशन’ आणि वैफल्य : कर्त्याचा लोप

बेत उधळला जाणे या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदांपैकी ‘थ्वॉर्ट’च्या मुळाशी ‘आडवे’ एवढीच कल्पना आहे; मराठीतील ‘आडवे येणे’ तिच्याशी सहज जुळते. ‘फ्रस्ट्रेट’चे तसे नाही. लॅटिन ‘फ्रुस्त्रा’ म्हणजे व्यर्थ. परंतु त्याचे नाते कपटवाचक ‘फ्राउस’शी जोडले जाते (इंग्रजी ‘फ्रॉड’ याच कुळातला). ‘फ्रुस्त्रारी’ या क्रियापदाचा अर्थ तर फसवणे, आशा दाखवून निराश करणे असाच होता. बेत मोडला त्याअर्थी कोणीतरी फसवले, हे गृहीतक शब्दाच्या पोटातच होते.

पुढे हा फसवणारा नाहीसा होत गेला. १९०२च्या जून महिन्यात सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची मिरवणूक पाहण्यासाठी लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावरील एक जागा दोन दिवसांकरिता ७५ पौंडांना ठरली. २५ पौंड आगाऊ दिले गेले. ऐन वेळी राजा आजारी पडला, मिरवणूक पुढे गेली. उरलेले ५० पौंड मागता येणार नाहीत, असा निर्णय १९०३ साली ‘क्रेल विरुद्ध हेन्री’ या दाव्यात झाला. कराराचे प्रयोजनच ‘फ्रस्ट्रेट’ झाले होते, आणि दोष कोणाचाच नव्हता. कपटाच्या कुळातला शब्द कायद्यात निर्दोषतेची ग्वाही देऊ लागला!

१९३९ मध्ये जॉन डॉलर्ड आणि त्यांच्या येल विद्यापीठातील सहकाऱ्यांनी ‘फ्रस्ट्रेशन’ आणि आक्रमकता यांचा संबंध मांडला. त्यांच्या व्याख्येत निदान अडथळा तरी होता. सर्वसाधारण वापरात मात्र तो शब्द निव्वळ मनःस्थितीचा झाला, आणि मराठीत रूढ झालेला ‘वैफल्य’ हा प्रतिशब्द या शेवटच्या टप्प्यावरचा आहे. त्यात फळ न मिळाल्याची नोंद आहे. झाड कोणी तोडले, ही पृच्छा नाही. समीक्षेत ‘वैफल्यग्रस्त नायक’ असे सैलपणे लिहिले जाते, तेव्हा जातीने वा बेकारीने ज्याची वाट अडवली त्याचे दुःख त्याच्या स्वभावाचा गुणधर्म ठरते. ही केवळ परिभाषेची चूक नव्हे. तो त्या माणसावर होणारा दुसरा अन्याय आहे.

प्रत्येक अपयशामागे कपटी शोधणे हाही अन्यायच, हे खरे. पण त्यासाठी चौकशीची जागा तरी भाषेत हवी. मराठीत बेतही फसतो आणि माणूसही फसतो; क्रियापद एकच. ‘बेत फसला’ म्हटले की ‘कोणी फसवले?’ असे विचारता येते, आणि ‘कोणी नाही, राजा आजारी पडला’ हे उत्तरही देता येते. ‘त्याला वैफल्य आले’ या वाक्यापुढे तो प्रश्न सुचतच नाही.