आधी आजीची बाजू

भाची वही घेऊन आली. निबंधाचा विषय होता 'आचऱ्याची गावपळण : परंपरा की अंधश्रद्धा?' मालवणात आयुष्यभर मराठी शिकवलं, तेव्हा घरातले निबंध माझ्याकडेच येतात. तिचं पहिलंच वाक्य : 'गावपळण ही निव्वळ अंधश्रद्धा आहे.' पुढची दोन पानं तेच, फक्त आवाज चढत गेलेला.

"आजीक वाचून दाखव," मी म्हटलं. माझ्या आईचं माहेर आचऱ्याचं.

"आत्ये, ती चिडतली."

"मग निबंध झालो नाय."

ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की आचरा गाव गुराढोरांसह, कुत्र्या-कोंबड्यांसह वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांत. परतायचं तेही कौल घेऊनच. भुतांसाठी गाव मोकळा करतात, हे मलाही पटत नाही. पण आई सांगते ते वेगळंच : ज्याच्याशी वर्षभर बोलणं नव्हतं त्याची झोपडी शेजारी आली, आणि चुलीतला विस्तव मागायला जावंच लागलं. भाचीच्या दोन पानांत तो विस्तव कुठेच नव्हता.

न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडणं ती वितंडा. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू येते, मग उत्तर. मी याला लेखनाची युक्ती मानत नाही. समोरचाही विचार करून तिथवर पोचला आहे, हे कबूल करणं मला धर्माचाच भाग वाटतो.

संस्कृतचे पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर याच मालवणात १८३७ साली जन्मले. १८९१ साली मुलींचं संमतिवय वाढवणाऱ्या बिलावर वाद झाला, तेव्हा विरोधक म्हणत होते, हे शास्त्राविरुद्ध आहे. भांडारकर बिलाच्या बाजूचे. पण शास्त्र बाजूला ठेवा, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी धर्मशास्त्राचीच वचनं तपासून आपलं टिपण लिहिलं. ज्या वचनांवर विरोधकांची श्रद्धा, त्यांच्यातूनच वाट काढायची, याला अभ्यास लागतो. आणि आदरही.

आपलं देवापुढचं गाऱ्हाणंसुद्धा तसंच चालतं. मागणं एकदम पुढे येत नाही. आधी देवाला, त्याच्या परिवाराला हाक, आपलं चुकलंमाकलं कबूल, मग मागणं. प्रत्येक टप्प्यावर जमलेली माणसं 'होय महाराजा' म्हणतात, म्हणून एका माणसाचे शब्द गावाचे होतात.

भाचीने तीन दिवस आजीपाशी बसून नवा निबंध लिहिला. पहिलं पान सगळं आजीचं : झोपडी, विस्तव, बांधाला बांधलेली गुरं, मागे राहिलेल्या मुक्या गावाची ओढ. दुसऱ्या पानावर तिची शंका : भीती घातल्याशिवाय माणसं एकत्र येणारच नाहीत का?

संध्याकाळी पडवीत तिने वाचून दाखवलं. पहिल्या पानाला आई मान हलवत होती. पान उलटताना भाची थांबली.

"गे, थांबलंस कित्याक? फुडे वाच," आई म्हणाली.