ल्यूथर आणि वसईचे कॅथलिक

1534 साली दोन घटना घडल्या. जर्मनीत विटेनबर्ग येथे मार्टिन ल्यूथरचे संपूर्ण जर्मन बायबल छापून बाहेर आले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. दोहोंचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण पश्चिम युरोपातली ख्रिस्तसभा दुभंगत असतानाच वसईच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म रुजू लागला, आणि तो रुजवणारे त्या दुभंगाच्या एका बाजूचे होते. गिरीज, निर्मळ, नंदाखाल, भुईगाव इथल्या ख्रिस्ती घरांत आजही कॅथलिक धर्म पाळला जातो. ल्यूथरचे म्हणणे नेमके काय होते, हे या घरांना कित्येक पिढ्या थेट ऐकायलाच मिळाले नाही. जे कानावर आले ते त्याच्या विरोधकांच्या तोंडून.

आता वसई-विरारला नवी वस्ती वाढली आहे, तिच्याबरोबर नवे प्रार्थनागट आले आहेत. काही कॅथलिक माणसेही त्यांत गेली. त्यांना लोक ‘बिलिव्हर्स’ म्हणतात. ते मरियामातेपुढे मेणबत्ती लावत नाहीत, वाटेवरच्या क्रुसाला हार घालत नाहीत, आणि तान्हेपणी झालेला स्नानसंस्कार न मानता मोठेपणी पुन्हा पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतात. हीच ल्यूथरची शिकवण, असे आपल्याकडे सहज समजले जाते. ते खरे नाही. ल्यूथरन मंडळी तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात. दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेण्याला तर ल्यूथरने कडाडून विरोध केला. ल्यूथरन चर्चमध्ये वेदी असते, मेणबत्त्या असतात, पुष्कळ ठिकाणी क्रुसावर ख्रिस्ताची मूर्तीही असते. भाकर आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचे शरीर व रक्त खरोखर असते, यावर ल्यूथर इतका ठाम होता की 1529 साली मारबुर्ग येथे स्वित्झर्लंडच्या त्सविंग्लीशी त्याची बोलणी याच मुद्द्यावर फिसकटली.

ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकाची अडचण वेगळी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरच्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या संतांची चळवळ आणि युरोपातली धर्मसुधारणा यांची तुलना केली. तुलना मोलाची आहे, पण तिच्यामुळे कर्मकांड मोडणारा, पुरोहितशाहीविरुद्ध उभा राहिलेला बंडखोर एवढाच ल्यूथर आपल्या डोळ्यांपुढे राहतो. त्या बंडाच्या मुळाशी असलेली भीती नजरेआड होते.

ल्यूथर ऑगस्टिनियन संघाचा संन्यासी होता. उपास, जागरणे, तासन्‌तास पापनिवेदन, सारे करूनही आपण देवाला पुरे पडलो असे त्याला कधी वाटेना. बायबलमधले रोमकरांस पत्र वाचता वाचता त्याला उमगले, की माणसाने नीतिमत्त्व कमवून देवापुढे ठेवायचे नसते. देव ते ख्रिस्ताखातर फुकट देतो आणि माणूस ते विश्वासाने घेतो. केवळ कृपा, केवळ विश्वास, आणि या गोष्टींचा अंतिम आधार केवळ पवित्र शास्त्र. सत्कृत्ये सोडा असे ल्यूथर म्हणत नाही. तारण, म्हणजे उद्धार, झालेल्या माणसाच्या हातून ती आपोआप घडतात. ती तारणाची किंमत नव्हेत, एवढेच त्याचे म्हणणे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1547 साली याला उत्तर दिले: कृपाच आधी येते, पण माणूस तिला साथ देतो, ती त्याला आतून खरोखर बदलते, आणि सत्कृत्यांनी तो तिच्यात वाढतो. म्हणजे कृपा ‘कमवता’ येते असे कॅथलिक सिद्धांत त्याही वेळी म्हणत नव्हता. व्यवहारात मात्र तिचा हिशेब मांडला जात होता, आणि ल्यूथरने बोट ठेवले ते त्या हिशेबावर.

तो हिशेब मृतांच्या नावाने चाले. 31 ऑक्टोबर 1517 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी, ल्यूथरने त्याविरुद्ध आपले 95 मुद्दे मांडले. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामासाठी तेव्हा दंडमाफीची, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट देणारी, पत्रे विकली जात होती. पैसे भरा, शुद्धीस्थानात, म्हणजे मरणानंतरच्या शुद्धीच्या अवस्थेत, असलेला तुमचा आप्त सुटेल, असा प्रचार होता. ही विक्री पुढे रोमनेच बंद केली. दंडमाफी स्वतः मात्र टिकली. आजही 1 ते 8 नोव्हेंबर या काळात दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या कॅथलिकाला, पापनिवेदन आणि ख्रिस्तप्रसादासह, ती मृतांच्या नावे मिळवता येते. 2 नोव्हेंबरला वसईतल्या कबरींवर फुले आणि मेणबत्त्या दिसतात त्यामागे हीच श्रद्धा आहे: मेलेल्यांसाठी जिवंतांना काही करता येते. ल्यूथरन माणूस त्याच कबरीपाशी उभा राहून देवाचे आभार मानील, पुनरुत्थानाची आशा धरील; पण शुद्धीस्थान मानणार नाही आणि मृतासाठी मिस्सा अर्पण करणार नाही. दोघांच्या हातातली बायबलेही इथे वेगळी पडतात. मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेचा उल्लेख मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. कॅथलिकांच्या 73 पुस्तकांत ते आहे, प्रोटेस्टंटांच्या 66 पुस्तकांत नाही.

या बाबतीत मी माझ्या कॅथलिक लोकांच्या बाजूने आहे. आई गेली म्हणून तिच्यासाठी प्रार्थना करणे थांबवावे, हे मला पटत नाही. मात्र मिस्साच्या हेतूसाठी पाकिटातून दिले जाणारे मानधन हे धर्मगुरूच्या चरितार्थाला दिलेले दान आहे, कृपेचा दर नव्हे, हे प्रत्येक धर्मग्रामात स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. तिथे ल्यूथर आजही खरा आहे.

बाकीचे भेद थोडक्यात सांगता येतात. कॅथलिक सात संस्कार मानतात, ल्यूथरन मुख्यतः दोन: बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. पापनिवेदनालाही ल्यूथरने मान दिला. ल्यूथरन पाळक लग्न करतात. ल्यूथरने स्वतः 1525 साली काथारिना फॉन बोरा या पूर्वाश्रमीच्या संन्यासिनीशी लग्न केले. पोपचा अधिकार ते मानत नाहीत. मरियेबद्दल ल्यूथरला अपार आदर होता, तिच्या स्तोत्रावर त्याने 1521 साली भाष्य लिहिले. पण तिला वा संतांना ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणणे त्याच्या अनुयायांना मान्य नाही. वसईत जन्मलेले, 1597 साली नागासाकीत हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया ल्यूथरन माणसाला आदर्श वाटतील. त्यांच्याकडे तो मागणे मागणार नाही.

ल्यूथरची एक मागणी मात्र कॅथलिकांनी पुरी केली, चार शतकांनी: उपासना लोकांच्या भाषेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली गोव्यात मराठी ओव्यांतून क्रिस्तपुराण दिले खरे, पण वेदीवर लॅटिनच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963 मध्ये दार उघडले आणि वसईत मिस्सा मराठीत आली. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. 2013 साली त्याला अनुवादासाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते ज्या ‘सुवार्ता’ मासिकाचे 1983 ते 2007 संपादक होते, त्याचे ठिकाण गिरीजचे जीवन दर्शन केंद्र. सामान्य माणसाच्या हाती त्याच्या भाषेतले शास्त्र द्यावे, हा ल्यूथरचा ध्यास एका कॅथलिक धर्मगुरूने मराठीत पुढे नेला, असे मी मानतो.

आणि मूळ भांडण? 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईने नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, हे दोघांनी मिळून मान्य केले. सोळाव्या शतकातले परस्परांचे धिक्कार या शिकवणीला लागू होत नाहीत, असेही ठरले. तरी धर्मगुरूपद आणि पोप यांवरचा मतभेद मिटलेला नाही, म्हणून दोघे अजून एका वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेत नाहीत.

वसईच्या धर्मग्रामांना माझी विनंती आहे. येत्या 31 ऑक्टोबरला हा जाहीरनामा मराठीत आणून सभागृहात मोठ्याने वाचा, सोबत रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय घ्या, आणि शेजारच्या प्रोटेस्टंट कुटुंबांना, बिलिव्हर्स म्हणून दूर ठेवलेल्या आपल्याच भावंडांनाही, त्या वाचनाला बोलवा.