खिलाडूपणा मागावा कोणी?

माणसाचे नाव एकदा भाषेत शिरले की त्या माणसाची सुटका नसते. दोन घरांत कोणी कलागत लावली, की आपण त्याला नारद म्हणून मोकळे होतो. नारदमुनींनी हरिनाम गात तिन्ही लोक पालथे घातले. पण आपण ध्यानात ठेवली ती त्यांची कळ लावण्याची हौस! सकाळी आठ वाजले तरी अंथरूण न सोडणाऱ्या मुलाला आई कुंभकर्ण म्हणते. रावणाला त्याची चूक तोंडावर सांगण्याचे धैर्य याच कुंभकर्णाने दाखवले होते, याची आठवण त्या वेळी कोणाला होते?

हेच दैव आपल्या विनू मंकडांच्या वाट्याला आले. १९५२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर एकाच कसोटी सामन्यात या माणसाने ७२ आणि १८४ धावा काढल्या आणि वर ९७ षटके गोलंदाजी केली. १९५६ साली मद्रासला पंकज रॉय यांच्याबरोबर त्यांनी सलामीला ४१३ धावांची भागी रचली. तो विक्रम पुढे ५२ वर्षे कोणाला मोडता आला नाही. एवढे करूनही जगाच्या क्रिकेटमध्ये त्यांचे नाव कशासाठी उरले? तर 'मंकडिंग' या एका शब्दासाठी. आणि तो शब्द वर्षानुवर्षे उच्चारला गेला तो नाक मुरडूनच.

प्रकार असा घडला. १९४७ साली, देशाला स्वातंत्र्य मिळून पुरते चार महिनेही झाले नसताना, लाला अमरनाथांच्या नेतृत्वाखाली आपला संघ ऑस्ट्रेलियात खेळत होता. बिल ब्राऊन नावाचा फलंदाज मंकडांच्या बाजूच्या टोकाला उभा असे, आणि त्यांच्या हातून चेंडू सुटण्यापूर्वीच क्रीज सोडून पुढे सरकत असे. कसोटीआधीच्या एका सामन्यात मंकडांनी त्याला अगोदर ताकीद दिली. तो पुन्हा पुढे सरकला तेव्हा त्यांनी यष्टी उडवून त्याला धावबाद केले. पुढे १३ डिसेंबरला सिडनीच्या कसोटीत ब्राऊनने तेच केले. या वेळी मंकडांनी ताकीद न देता बेल्स उडवल्या. वृत्तपत्रांतून गहजब झाला. परंतु प्रतिपक्षाचे कर्णधार खुद्द डॉन ब्रॅडमन यांनी मंकडांची बाजू उचलून धरली. फलंदाजाने चेंडू पडण्याआधी पुढे जावे, म्हणजे धाव घेताना अंतर चोरावे, आणि गोलंदाजाने ते निमूटपणे पाहावे, हा कोणत्या गावचा न्याय, असा त्यांचा सरळ विचार होता.

पाऊणशे वर्षे लोटली तरी वाद संपला नाही. २४ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच लॉर्ड्सवर आपल्या दीप्ती शर्माने इंग्लंडच्या चार्ली डीनला अशाच रीतीने धावबाद केले. झूलन गोस्वामीचा तो निरोपाचा सामना होता. इंग्लंडची शेवटची जोडी खेळत होती, सतरा धावा हव्या होत्या, आणि डीन ४७ धावांवर असताना क्रीजबाहेर सापडली. भारताने सामना जिंकला आणि जिंकताक्षणीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. गंमत अशी, की क्रिकेटचे नियम सांभाळणाऱ्या मेरिलिबोन क्रिकेट क्लबने त्याच वर्षी या प्रकाराला 'अनुचित खेळ' या कलमातून उचलून साध्या 'धावबाद' या कलमात बसवण्याचे ठरवले होते. १ ऑक्टोबरपासून तो बदल अमलातही आला. कायद्याने डाग पुसला. लोकांच्या मनातला मात्र गेला नाही.

तेव्हा प्रश्न असा, की नियमाने जे मोकळे आहे ते नीतीने निषिद्ध असू शकते काय? आणि असल्यास, तो निषेध सांगण्याचा अधिकार कोणाचा?

क्रिकेटच्या रचनेत एक विलक्षण गोष्ट आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. या खेळात फलंदाज बाद झाला असला तरी, क्षेत्ररक्षण करणाऱ्या पक्षाने विचारल्यावाचून पंच त्याला बाद देत नाहीत. कोणीतरी 'हाऊज दॅट' म्हणावे लागते. शिवाय एकदा विचारलेला प्रश्न पंचांच्या संमतीने मागे घेण्याची मुभाही कर्णधाराला आहे. म्हणजे घटना आणि निकाल यांच्यामध्ये खेळाने माणसाच्या मनासाठी थोडी जागा मोकळी ठेवली आहे. कायदा तेथे गप्प उभा राहतो आणि खेळाडूकडे पाहतो. साऱ्या वादांचे मूळ या एवढ्याशा जागेत आहे.

मी शाळामास्तर. मधल्या सुट्टीत मैदानावरच्या भांडणांचा निवाडा करण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे येत आले आहे, आणि त्यात एक गोष्ट मला नेहमी आढळली आहे. "सर, याला जरा खिलाडूपणा दाखवायला सांगा ना!" असे म्हणत येणारा मुलगा हटकून बाद झालेला असतो! ज्याने बाद केले त्याने येऊन "सर, मला खिलाडूपणा दाखवायचा आहे" असे म्हटल्याचे मी अद्याप ऐकलेले नाही. खिलाडूपणाची आठवण माणसाला होते ती बहुधा दुसऱ्याच्या खिलाडूपणाची. ही खोड मुलांची नव्हे, मनुष्यस्वभावाची आहे. कर्णाच्या रथाचे चाक भूमीत रुतले तेव्हा त्याला युद्धधर्म आठवला; आणि भरसभेत द्रौपदीची विटंबना चालली असताना या धर्माची आठवण का झाली नाही, असे श्रीकृष्णाने त्याला विचारले. मोरोपंतांनी घरोघर पोहोचवलेला तो प्रसंग ठाऊक नाही, असा मराठी माणूस विरळा.

परंतु एवढे म्हणून भागत नाही. बाद होण्याचे सगळेच वादग्रस्त प्रसंग एका मापाने मोजले, तर आपलाही घोटाळा होईल. माझ्या मते त्यांचे तीन वर्ग करावेत.

पहिल्या वर्गात फलंदाज मुळी बाद नसतोच. पंचांची नजर चुकलेली असते. १९८० साली मुंबईच्या वानखेडे मैदानावर आपल्या क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचा कसोटी सामना झाला. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. अशा वेळी बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद देण्यात आले. चेंडू त्याच्या बॅटीला लागलेला नाही, अशी आपले कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांची खात्री होती. त्यांनी पंचांकडे जाऊन अपील मागे घेतले आणि टेलरला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी मग १७१ धावांची भर घातली आणि आपण तो सामना दहा गडी राखून हरलो. पुष्कळांनी विश्वनाथांच्या औदार्याची वाखाणणी केली; संघाचा विजय उधळण्याचा त्यांना काय हक्क होता, असेही विचारता येईल. मला दोन्ही बोल थोडे चुकीचे वाटतात. टेलरचा बळी आपला नव्हताच. दुकानदाराने चुकून जास्त दिलेले पैसे आपण परत केले, तर त्याला दानधर्म म्हणत नाहीत. विश्वनाथांनी सत्य सांगितले, आणि सत्य सांगायला संघाची परवानगी लागत नाही.

दुसऱ्या वर्गात फलंदाज नियमाने बाद असतो, परंतु त्याच्या मनात कसलाही लाभ उपटण्याचा हेतू नसतो. तो केवळ गाफील असतो. १८८२ साली ओव्हलच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाचा सॅमी जोन्स धाव पुरी करून, चेंडूचा खेळ संपला असे समजून, खेळपट्टी ठीकठाक करायला क्रीजबाहेर गेला. डब्ल्यू. जी. ग्रेस या इंग्लंडच्या थोर खेळाडूने शांतपणे बेल्स उडवल्या. या प्रकाराने पेटून उठलेल्या स्पॉफर्थने, ८५ धावा हव्या असलेल्या इंग्लंडला ७७ धावांत गुंडाळून टाकले. 'ॲशेस' या नावाची जन्मकथा त्या पराभवातच आहे. पुढे २०२३ साली लॉर्ड्सवर जॉनी बेअरस्टो चेंडू सोडून देऊन बेफिकिरीने क्रीजबाहेर चालू लागला, आणि यष्टिरक्षक ॲलेक्स कॅरीने चेंडू फेकून त्याची यष्टी उडवली. आता अन्याय झाल्याची ओरड इंग्लंडची होती! खिलाडूवृत्तीच्या नावाने संतापलेल्या क्लबच्या सभासदांनी जेवायला निघालेल्या ऑस्ट्रेलियन खेळाडूंना लाँगरूममध्ये असे काही सुनावले, की तीन सभासदांना निलंबित करून क्लबला क्षमा मागावी लागली. खिलाडूवृत्तीचा कळवळा दाखवता दाखवता साधी सभ्यताही सुटली!

याच वर्गातला एक गोड प्रसंग आपल्या नावावर जमा आहे. २०११ साली ट्रेंट ब्रिजला चहापानाआधीच्या शेवटच्या चेंडूवर, चौकार गेला असे समजून इयन बेल तंबूकडे चालू लागला आणि धावबाद ठरला. त्या वेळी तो १३७ धावांवर होता. चहाच्या वेळात इंग्लंडचे कर्णधार आणि प्रशिक्षक आपल्या खोलीत येऊन फेरविचाराची विनंती करून गेले. महेंद्रसिंह धोनीने सहकाऱ्यांशी बोलून अपील मागे घेतले. बेलने आणखी २२ धावा काढल्या. सामना आपण मोठ्या फरकाने हरलो. येथे दिले गेले ते खरोखरीचे दान. इंग्रजांनीही ते मागितले, पण विनंती करून मागितले. हक्क सांगून, डोळे वटारून नव्हे. धोनीने 'नाही' म्हटले असते, तरी त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. म्हणूनच त्याच्या 'हो'ला मोल आले.

तिसरा वर्ग ब्राऊनचा आणि डीनचा. येथे फलंदाजाच्या पदरात काहीतरी पडत असते. कळत असो वा सवयीने, तो वितीने-हाताने अंतर चोरत असतो. एक धाव चोरण्यासाठी वीतभर अंतर पुरेसे असते, हे ज्याने अटीतटीचा सामना पाहिला आहे त्याला सांगायला नको. अशा माणसाला पकडणाऱ्यालाच आपण चोर ठरवावे, हे मात्र अजब आहे.

येथेही उदारपणा दाखवणारे निघतातच. १९८७ च्या विश्वचषकात लाहोरला पाकिस्तानची शेवटची जोडी खेळत होती. शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. सलीम जाफर क्रीज सोडून पुढे गेलेला कोर्टनी वॉल्शने पाहिला. बेल उडवताच सामना वेस्ट इंडिजचा होता. वॉल्श थांबला, त्याने जाफरला नुसती समज दिली आणि परत गेला. पुढच्या चेंडूवर पाकिस्तान जिंकले. आधीचे तिन्ही अंतिम सामने खेळलेला वेस्ट इंडिजचा संघ त्या वेळी उपांत्य फेरीतही पोहोचला नाही.

वॉल्शपुढे माझी मान आपोआप लवते. तरीही एक शंका मन सोडत नाही. विश्वनाथांनी परत केले ते दुसऱ्याचे होते. धोनीने दिले ते सहकाऱ्यांना विचारून दिले. वॉल्शने दिले त्यात दहा सहकाऱ्यांचा वाटा होता आणि त्यांना विचारायला वेळ नव्हता. घरच्या कर्त्या माणसाने दारी आलेल्याला सगळ्यांच्या ताटातले वाढून द्यावे, तसे ते झाले. अशा माणसाचे नाव गाव आदराने घेते. घरातली माणसे उपाशी निजतात. म्हणून वॉल्शची थोरवी गावी. पण तिची फूटपट्टी करून मंकड आणि दीप्ती यांची उंची मोजू नये. एकाने दान केले, म्हणून न देणारा दुसरा लुटारू ठरत नाही.

उदारपणाचे मर्म हेच आहे, की तो देणाऱ्याच्या मनात उगवतो. घेणाऱ्याने त्याची वसुली सुरू केली, की त्याचा कर होतो. खिलाडूवृत्ती हा प्रत्येकाने स्वतःसाठी पाळायचा नियम आहे. मंकडांच्या नावाला चिकटलेल्या शब्दाचा सुनील गावसकरांनी वारंवार निषेध केला, तो मला याच कारणासाठी योग्य वाटतो. शब्द ठेवायचाच असेल, तर अंतर चोरणाऱ्याच्या नावाने ठेवावा!

या दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या अंगणात किंवा चाळीच्या चौकात पोरांचे क्रिकेट रंगेल, आणि फराळाचे ताट हातात धरून तुम्हाला पंच व्हावे लागेल. झेल टिपलेला एखादा मुलगा आपण होऊन म्हणेल, "नाही काका, टप्पा पडला होता." त्याच्या हातावर एक लाडू जास्त ठेवा. आणि बाद झालेला दुसरा कोणी "यांना खिलाडूपणाच नाही!" म्हणून रडत आला, तर त्यालाही लाडू द्या, फक्त पुढचा डाव सुरू होण्याआधी त्याला हळूच विचारा, की बाबा रे, चेंडू सुटला तेव्हा तुझा पाय कोठे होता?