अळंबी आणि दृष्टांत

पावसाळा लागला म्हणजे वारुळाजवळ अळंबी उगवते. कोणी ती आवडीनें शिजवितो. कोणी कुत्र्याची छत्री म्हणून लाथेनें उडवितो. असा मतभेद एका घरांतहि असतो. सन १९२७ मध्यें अमेरिकेंतील कॅट्सकिल डोंगरांत वॅसन नामक गृहस्थ आपल्या रशियन पत्नीसह फिरावयास गेला. अळंबी दिसतांच पत्नी हर्षानें वेंचूं लागली. पतीनें मात्र भयानें ती चाखलीहि नाहीं.

पुढें हाच मनुष्य अळंबीचा मोठा अभ्यासक झाला. मेक्सिको देशांत अळंबीच्या कांहीं जाति अशा आहेत कीं, त्या खाल्ल्यानें मनुष्यास विलक्षण भास होतात. तेथील मूळ रहिवासी त्यांस पवित्र मानीत. सोळाव्या शतकांतील स्पॅनिश पाद्र्यांनीं त्यांस सैतानी ठरविलें. १९५५ सालीं वॅसन वाउत्ला गांवीं मारिया साबिना नामक विधवेच्या रात्रविधीस बसला, व १९५७ सालीं त्यानें ती हकीकत एका साप्ताहिकांत छापविली. बाई ही अळंबी रोग्यांकरितां योजीत असे. परंतु त्यानंतर परके लोक देव पाहावयास म्हणून तेथें लोटले. गांवकरी तिच्यावर कोपले, आणि तिचें घर जाळण्यांत आलें.

आतां दोष कोणाचा? अळंबीचा नव्हे. १९५८ सालीं हॉफमन नामक रसायनशास्त्रज्ञानें तिच्यांतील द्रव्य निराळें काढलें. आज डॉक्टर तें मनाच्या खिन्नतेवर उपयोगी पडतें काय, हें तपासीत आहेत. त्यांत सैतान नाहीं, तसा देवहि नाहीं.

कोणी विचारील, पेत्रालाहि धाब्यावर दृष्टांत झालाच ना? झाला, आणि देवानें शुद्ध केलेल्या वस्तूस अशुद्ध म्हणूं नये, हेंच तो त्यांत शिकला. परंतु त्या दर्शनाचें सुख भोगीत तो तेथेंच बसला नाहीं. ज्याचा उंबरा तो पूर्वीं ओलांडता ना, त्या कर्नेल्याच्या घरीं तो त्याच्या कल्याणाकरितां गेला. वाउत्ल्यास आलेले लोकहि परक्या दारीं गेले; पण त्या विधवेकरितां नव्हे, स्वतःकरितां.

म्हणून रानांतील अळंबी जाणकारानें ओळखल्यावांचून खाऊं नका. विषारी जातीनें प्राण जातो. पण न ओळखलेल्या वस्तूस सैतानाचेंहि नांव देऊं नका. आणि कोणी आपल्या दृष्टांताची गोष्ट सांगूं लागला, तर एवढेंच विचारा: त्या दर्शनानंतर तूं कोणाच्या दारीं गेलास, आणि तूं निघून आल्यावर त्या घराचें काय झालें?